२९०० पौंडांचा ट्रेलर २९०० पौंडांचा नसतो

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर दोन गोष्टी फिरायला लागतात. एक म्हणजे हापूसच्या पेट्यांची ऑर्डर. दुसरी उन्हाळ्याच्या सहलीची शक्कल. यंदाची शक्कल अशी:

‘हॉटेलांना पैसे देणं बंद करा! १५-१६ फुटी हलका ट्रॅव्हल ट्रेलर नवाकोरा १५,००० डॉलरात मिळतो, हप्ता महिना फक्त १२२ डॉलर. वजन जेमतेम २९०० पौंड, म्हणजे ३५०० पौंड ओढणारी कोणतीही मिनीव्हॅन चालते. फायबरग्लासचा घ्या, गळत नाही. आरव्हीआयएचा शिक्का बघा, दर्जाची हमी. लहान असल्यामुळे कुठल्याही नॅशनल पार्कात शिरतो. आणि आत घरच्यासारखा स्वयंपाक!’

मला हे सहा जणांनी पाठवलं, कारण आमच्याकडे असाच एक सोळा फुटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली, चार उन्हाळे होता. यातलं एकही वाक्य धादांत खोटं नाही. प्रत्येकात थोडं खरं आहे, म्हणून तर ते पुढे ढकललं जातं. तर एकेक वाक्य घेऊ.

‘वजन जेमतेम २९०० पौंड.’

हे ड्राय वेट. ट्रेलर कारखान्यातून निघतो तेव्हाचं, टाक्या कोरड्या आणि कपाटं रिकामी असतानाचं वजन. त्यात गॅस नसतो, बहुधा बॅटरी नसते, आणि डीलरनं ‘पॅकेज’ म्हणून बसवलेल्या वस्तूही अनेकदा धरलेल्या नसतात. शिवाय माहितीपत्रकातला आकडा त्या मॉडेलचा असतो, तुमच्यासमोर उभ्या असलेल्या ट्रेलरचा नव्हे.

आता बेरीज करू. छतावरचा एसी ९० पौंड. बॅटरी ५०. गॅसचा ज्याला २० पौंडी म्हणतात तो सिलिंडर भरून ३७ (भारतातला १४.२ किलोचा सिलिंडर जिना चढवणाऱ्याला विचारा, लोखंडाचं वजन कोणी बोलत नाही). पाणी गॅलनला ८.३ पौंड: २५ गॅलनच्या टाकीचे २०८, सहा गॅलनच्या गीझरचे ५०. मग पांघरुणं, कुकर, तवा, कणकेचा डबा, खुर्च्या, स्वच्छ पाण्याची नळी, मैलापाण्याची वेगळी नळी, जॅक, चाकाखालचे ठोकळे, मुलांचं सामान. याचे ३५० धरतो, तेही हात राखून. एकूण ३६८५. जी व्हॅन ३५०० ओढते म्हणून ट्रेलर घ्यायचा, तिची मर्यादा घराच्या ड्राइव्हवेतच ओलांडली.

‘पाणी नेऊच नका, तिथे पोचल्यावर भरा,’ असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, आम्हीही तेच करायचो. टाकी आणि गीझर रिकामे ठेवले की उरतात ३४२७. मर्यादेच्या आत आलो. पण खरी गोम पुढे आहे.

‘३५०० पौंड ओढणारी कोणतीही मिनीव्हॅन चालते.’

गाडी ट्रेलरला नुसती ओढत नाही, त्याचा काही भार तिच्या पाठीवरही बसतो. हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, येणाऱ्या या भाराला टंग वेट म्हणतात. तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. कमी पडला तर ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो. मी हे वाचून नाही, करून शिकलो. पहिल्याच वर्षी दोन सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर लटकवल्या. मागे वजन वाढलं की पुढचं टोक हलकं होतं, तराजूच्या पारड्यासारखं. इंटरस्टेट ७५ वर ओहायोतल्या टोलेडोच्या दक्षिणेला एक ट्रक शेजारून सुसाट गेला आणि मागून कोणीतरी गाडीला हलवतंय असं वाटलं. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. त्यासाठी गाडीत ब्रेक कंट्रोलर असावा लागतो, तो मिनीव्हॅनमध्ये आपोआप येत नाही. माझ्याकडे होता. तरी पुढच्या विश्रांतीस्थळावर बायको अर्धा तास माझ्याशी बोलली नाही.

आता आकडे. ३५०० ओढणाऱ्या अनेक गाड्यांची टंग वेटची मर्यादा ३५० पौंड असते, मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. ट्रेलर स्थिर चालावा म्हणून १२ टक्के धरा: ३४२७ पौंडांचे ४११. मर्यादेपेक्षा ६१ जास्त. उलट हिशेब केला तर ३५० पौंड टंग वेटला भरलेला ट्रेलर २९०० च्या आसपास हवा. म्हणजे ड्राय वेट २९०० नव्हे, सगळं भरून २९००! असा ट्रेलर हवा असेल तर ड्राय वेट २२००-२३०० चा शोधावा लागतो. तो मिळतो, पण त्यात बहुधा स्नानगृह नसतं आणि उभं राहताना उंच माणसाचं डोकं लागतं. डीलर तो दाखवायला उत्सुक नसतो, ही गोष्ट वेगळी.

अजून संपलं नाही. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर एक पिवळं स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. हे पेलोड. समजा १२५० आहे. नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून ४८०, डिकीतलं सामान आणि कूलर १५०, छतावरचा डबा भरून १००, हिच ५०. झाले ७८०. त्यात टंग वेटचे, मर्यादा पाळली असं धरून, ३५०. एकूण ११३०, अजून १२० शिल्लक. छान. आणि मग जूनमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. दोघांचे ३०० धरा. १४३०. यलोस्टोन दाखवायला निघालेली किती मराठी कुटुंबं या जादा १८० पौंडांवर बसून जात असतील कोण जाणे. गाडी तक्रार करत नाही, तिचे मागचे टायर, स्प्रिंग आणि ब्रेक मुकाट सोसतात, जोवर एखादा लांब उतार येत नाही.

ओढण्याचा आकडा काढायची एसएई या अभियंत्यांच्या संघटनेची जे-२८०७ ही पद्धतसुद्धा साध्या गाड्यांसाठी प्रत्येकी १५० पौंडांच्या दोनच माणसांवर बेतलेली आहे. शिवाय वारा! ट्रेलरचं सपाट तोंड हवेला भिडतं. आमच्या व्हॅनचं मायलेज ट्रेलर जोडला की जवळपास निम्मं व्हायचं. उंचीवर साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोत आय-७० चा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, तेव्हा तिथे काय होईल ते तुम्हीच काढा.

म्हणून डीलरकडे जाताना दोन फोटो हवेत. एक तुमच्या दाराच्या पिवळ्या स्टिकरचा. दुसरा त्याच ट्रेलरच्या दाराजवळच्या स्टिकरचा, ज्यावर त्यात जास्तीत जास्त किती सामान भरता येईल ते लिहिलेलं असतं, आणि पाण्याची टाकी भरली तर त्यातले किती पौंड जातील हेही. स्वस्त ट्रेलरमध्ये हा आकडा कधी कधी इतका लहान असतो की पाणी भरलं की कपडे घरी ठेवावेत. विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ट्रक स्टॉपवरच्या कॅट वजनकाट्यावर जोडणी न्या. थोडक्या डॉलरात खरं काय ते कळतं.

‘फायबरग्लासचा घ्या, गळत नाही.’

फायबरग्लास हा शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंना लावतात. एक प्रकार साच्यातून काढलेल्या दोन कवचांचा, नारळाच्या दोन वाट्या जोडाव्यात तसा. मिनेसोटातली स्कँप, टेक्ससची कसीटा, ब्रिटिश कोलंबियातली एस्केप या त्या जातीच्या. यांना सांधे कमी, म्हणून टिकतात आणि जुन्या झाल्या तरी किंमत धरून असतात. पण नव्या आज १५,००० डॉलरात येत नाहीत. निरोपातला ‘फायबरग्लास’ म्हणजे दुसरा प्रकार: चौकट, फोम आणि प्लायवूडवर चिकटवलेला पातळ पत्रा. त्याला खिडक्या, दार, एसीचं भोक, व्हेंट, कोपऱ्यांच्या पट्ट्या, सगळीकडे सांधे आणि सगळीकडे सीलंट. सीलंट उन्हानं तडकतं. पाणी आत शिरलं की पत्रा फुगतो. मग दुरुस्तीचा खर्च ट्रेलरच्या किमतीशी स्पर्धा करतो. लाकडी चौकटीवर पन्हाळी अ‍ॅल्युमिनियम ठोकलेला सर्वांत स्वस्त प्रकार दिसायला गरीब, पण त्याचा एखादा पत्रा काढून आतली कुजलेली पट्टी बदलता तरी येते.

मुंबईत फ्लॅट बघायचा तर जुलैत बघावा, असं माझे सासरे म्हणायचे. ट्रेलरलाही तेच लागू. चांगला पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जा. आत शिरल्याबरोबर आधी नाकानं बघा. मग कपाटांच्या आतले वरचे कोपरे, गादीखालची फळी, खिडक्यांच्या खालच्या कडा अंगठ्यानं दाबा. दाराशी आणि चाकांच्या वर जमीन पावलाखाली दबते का? बाहेर भिंतीला गाल लावून तिरपं बघा, फुगवटा उन्हात लगेच दिसतो. शिडी मागून छत बघा. डीलर शिडी देत नसेल तर परत या. टायरच्या बाजूवर डॉटच्या (अमेरिकी परिवहन खात्याच्या) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: ‘२३२०’ म्हणजे २०२० चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

‘आरव्हीआयएचा शिक्का, दर्जाची हमी.’

दाराजवळचा हा शिक्का आरव्ही, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांच्या, उद्योगाच्या संघटनेचा. आग, गॅस, वीज आणि नळजोडणी यांच्या सुरक्षेच्या नियमांना धरून ट्रेलर बांधला, असं उत्पादक त्यातून सांगतो. तो असावाच. पण ड्रॉवर तिसऱ्या सहलीत हातात येईल का, छत गळेल का, याच्याशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात, अनेक कारखान्यांत मजुरी नगावर मोजली जाते, आणि बहुसंख्य ब्रँड थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबागो या तीन मालकांकडे आहेत. २०२१ साली विक्रमी ६ लाखांवर आरव्ही बाहेर पडल्या. त्या घाईच्या काळातला जुना ट्रेलर स्वस्तात दिसला तर दुप्पट वेळ तपासा.

आणि ‘नवाकोरा’ म्हणजे कटकट नाही, हेही मनातून काढा. आमचा नवाच होता. वॉरंटी वर्षाची, त्यातही फ्रिज आणि गीझरची वेगवेगळ्या कंपन्यांची. पहिल्या उन्हाळ्यात सिंकखाली गळती लागली. जिथून घेतला त्यांनी सात आठवड्यांनंतरची तारीख दिली, दुसरीकडे विचारलं तर ‘आमच्याकडून घेतलेलाच आम्ही बघतो’. उन्हाळा तिथेच संपला. मीच एक क्लँप आणून लावला, चार डॉलरचा.

‘हप्ता महिना फक्त १२२ डॉलर.’

१५,००० पैकी ३,००० आधी भरले, उरलेले १२,००० नऊ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, की हप्ता १२२ येतो. एकूण भरता सुमारे २१,९००. पाच वर्षांनी ट्रेलर विकायला काढलात तर तेव्हाही बँकेचे सुमारे ९,६०० देणं असतं. पाच वर्षं वापरलेला, १५,००० ला घेतलेला हलका ट्रेलर त्या भावात कोण घेणार? वर डीलरची ‘फ्रेट’ (वाहतूक) आणि ‘प्रेप’ (तयारी) फी, विक्रीकर, विमा. एचओए, म्हणजे वसाहतीची संघटना, ड्राइव्हवेत उभा करू देत नसेल तर साठवणीचं भाडं. कॅम्पग्राउंडही फुकट नसतं. वर्षाला दहा-बारा रात्री जाणार असाल तर हॉटेल स्वस्त पडतं, हे मला चौथ्या वर्षी वहीत आकडे लिहिल्यावर कळलं. आधी आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअर या संकेतस्थळांवरून तीन रात्रींसाठी भाड्यानं घेऊन बघा, शक्यतो पावसात.

नॅशनल पार्कांबद्दल थोडक्यात: ग्लेशियरमधल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या मधल्या भागावर २१ फुटांपेक्षा लांब वाहन चालत नाही, आणि ही लांबी गाडी-ट्रेलर मिळून मोजतात. नुसती मिनीव्हॅनच १७ फूट. ट्रेलर कॅम्पग्राउंडवर सोडून जाता येतं, तेवढंच.

राहिला घरच्यासारखा स्वयंपाक. पहिल्या फोडणीला मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म वाजतो, मिरची पडेपर्यंत शेजारच्या साइटवरचे लोक बाहेर आलेले असतात. आम्ही फोडणी बाहेर टेबलावर, वेगळ्या शेगडीवर करायला लागलो. भांडी मात्र आतच घासायचो. आपली आमटी, भात, तुपाचं भांडं, पोळ्यांचा तवा. सांडपाण्याची टाकी तिसऱ्या दिवशी दुपारी भरायची, पाणी उलटं शॉवरच्या तळाशी यायचं. या एका मुद्द्यावर निरोप पाठवणाऱ्याला मी अर्धे गुण देतो, कारण टेटन पर्वतांच्या समोर बसून खाल्लेला वरणभात मी अजून विसरलेलो नाही.

त्या सहाही जणांना मी उत्तरात एवढंच लिहिलं: दाराच्या पिवळ्या स्टिकरचा फोटो पाठव. दोघांनी पाठवला. एकाचं १४००, दुसऱ्याचं ११५०. दुसऱ्याचे आई-बाबा जूनच्या दहा तारखेला येतायत.