म्हणे, एकदाचं भांडून घेऊ द्या!

गेल्या आठवड्यात सकाळी सव्वासातला मावशीचा फोन. "अगं, ठमी आणि बाळू एकमेकांच्या जिवावर उठलेत. दोघांना न्हाणीघरात कोंडलंय. तासभर ठेवायचं असतं ना?"

कुणी सांगितलं? फॉरवर्डने. "प्रत्येक मांजरप्रेमीने वाचावे" असं वर ठळक, खाली सात मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि "जनहितार्थ". मावशीला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर मिळाला होता. दोन दिवसांनी माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन थडकला, म्हणून हे लिहायला बसले.

ठमी आणि बाळू ही मावशीची दोन मांजरं, चार वर्षं एका टोपलीत झोपत आलेली. मावशी राहते डोंबिवलीत, तळमजल्यावर. त्या सकाळी बाळू स्वयंपाकघराच्या खिडकीत बसला होता. बाहेर गल्लीतला पिवळा बोका आला आणि ग्रिलवर धार सोडून गेला. बाळूची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलली. नेमकी तेव्हाच ठमी मागून आली आणि बाळूने वळून तिलाच धरलं. संपलं. यात ठमीचा गुन्हा एवढाच की ती हाताशी सापडली. ज्याच्यावर राग आहे तो जाळीपलीकडे, म्हणून जो जवळ आहे त्याच्यावर तुटून पडायचं. मांजरांत हे इतकं नेहमीचं आहे की घरात अचानक पेटलेल्या भांडणात आधी खिडकी बघावी.

आता फॉरवर्ड. पहिला मुद्दा: "मांजरे राजा कोण हे ठरवत असतात. एकदाचे भांडून घेऊ द्या, निकाल लागला की शांत होतात." आणि त्याचंच पिल्लू असलेला दुसरा मुद्दा: "दोघांना लहान खोलीत तासभर कोंडा." इथे मी जरा थांबणार आहे, कारण मावशीने नेमकं हेच केलं.

मांजर म्हणजे लांडग्यांचा कळप नव्हे. तिचा मूळ पूर्वज आफ्रिकेतला रानमांजर, एकट्याने उंदीर मारून एकट्याने खाणारा. गल्लीतल्या मांजरी टोळीने राहतात खऱ्या, पण त्या बहुतेक एकमेकींच्या नात्यातल्या माद्या असतात आणि जिथे खायला मिळतं तिथेच जमतात. त्यांच्यात राजा, प्रधान, शिपाई अशी उतरंड नसते. त्यामुळे निकाल लागायचा प्रश्नच येत नाही. शिवाय भांडणानंतर समेट करायची रीतही मांजरांना फारशी येत नाही. कुत्रा शेपूट पायात घालून, पोट दाखवून माफी मागतो. मांजराकडे एकच उपाय असतो, लांब जाणं. तुम्ही दार लावता तेव्हा तोच काढून घेता.

हे माझ्या पदरचं नाही. मांजरांवर उपचार करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२४ साली एका घरातल्या मांजरांमधल्या तणावावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तिचा एकूण सूर असा: भांडून मिटू द्या हा सल्ला चुकीचा, शिक्षा तर त्याहून, आणि तणाव बहुतेक वेळा आवाज न करता चालू असतो. एक मांजर दारात आडवी पसरते, दुसरी शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या घमेल्याकडे जायचं टाळते. आपण म्हणतो, काय शहाणी बाळं आहेत!

मी तासाभराने पोचले तेव्हा मावशीने माझ्या सांगण्यावरून दार उघडलेलं होतं. बाळू बाहेर पळाला होता. ठमी बादलीमागे भिंतीला चिकटून बसली होती, कान मागे सपाट, बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळ्यांचा हिरवा रंगच दिसेना. फरशीवर तिची लघवी आणि केसांचे पुंजके. माजलेलं जनावर असं दिसत नाही. ती घाबरलेली होती. खिडकीतलं प्रकरण दोन मिनिटांचं होतं, तिथेच वेगळं केलं असतं तर बहुधा दोन दिवसांत विसरलं गेलं असतं. न्हाणीघरातल्या पाऊण तासाने ठमी शिकली की बाळू दिसला म्हणजे जीव जाणार.

"पण मी मध्ये पडले होते गं," मावशी म्हणाली आणि मनगट दाखवलं. नख्यांच्या तीन रेघा आणि दाताचं एक भोक. भांडणात हात घालू नका. मध्ये उशी, पाट, पुठ्ठा काहीही सरकवा, किंवा वर चादर टाका. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लशीचं विचारायचं, मांजर घरातलं असलं तरी. मावशी हळद लावून बसली होती.

तिसरा मुद्दा, "हल्ला करणाऱ्याच्या तोंडावर पाणी मारा." बाळूला एवढंच कळतं की ठमी आली की पाणी येतं. म्हणजे ठमी आणखी वाईट. पुढे.

चौथ्यात, नाइलाजाने कबूल करते, अर्धं सत्य आहे. "दोघांच्या अंगाला एकच पावडर लावा, वास सारखा झाला की ओळखतील." मांजर ओळखतं ते वासावर, हे खरं. दवाखान्यातून परतलेल्या मांजरावर घरातलं दुसरं फिसकारतं ते यामुळेच. पण पावडर चोपडली की ती चाटली जाते, श्वासात जाते, आणि दोघांच्या अंगाला सारखाच परका वास येतो. त्यापेक्षा जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या, एकीच्या गालांवरून हलका फिरवा आणि दुसऱ्याच्या जेवणाजवळ ठेवा. मग उलटं करा.

पाचवा, "एकाच ताटलीत जेवू घाला, प्रेम वाढते." ही मांजरं आहेत, नवरानवरी नव्हेत.

सहावा मुद्दा वाचून मात्र माझे हात थरथरले. "जखम जंतुनाशकाने धुवावी. वेदनेमुळे चिडचिड असल्यास तापाची अर्धी गोळी द्यावी." तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. माणसाचं यकृत हे औषध ज्या मुख्य वाटेने निकामी करतं, ती वाट मांजरात जवळजवळ नसतेच. मग त्यातून तयार होणारं विष रक्तावर जातं, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी-करड्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. ठमी साडेतीन किलोची. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे तिला किलोमागे ७० मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाने एका दमात सात गोळ्या घेतल्यासारखं हे, आणि तेही ती पचवायची सोय शरीरात नसताना. एवढ्याने मांजर मरू शकतं. कुणी चुकून दिलीच असेल तर लक्षणं दिसायची वाट बघू नका, गोळीचं पाकीट घेऊन तडक पशुवैद्याकडे जा. उतारा आहे, पण वेळेत गेलात तरच. मावशीने पाकीट काढून ओट्यावर ठेवलं होतं, अर्धी गोळी तोडलेली. मी ती मोरीत टाकली.

पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकंही मांजराला विषारी, कारण ती अंग चाटते. आणि मांजराचा दात सुईसारखा असतो, जखम वरून मिटते नि दोनचार दिवसांत आत गळू होतं. ठमीला मानेमागे झालंच. कोमट मिठाच्या पाण्याने पुसा आणि दवाखाना गाठा. बाहेर बोका वगैरे काही नसताना शांत मांजर एकाएकी अंगावर यायला लागलं तर दात, सांधे, लघवीचा त्रास, म्हातारं असेल तर थायरॉइड, हे आधी तपासून घ्यावं लागतं. वेदनेमुळे चिडचिड होते, एवढं त्या लेखकाचं बरोबर. औषध मात्र त्याने ठरवायचं नाही.

सातवा, नसबंदीने सगळं थांबतं. बोक्यांची मारामारी पुष्कळ कमी होते आणि नसबंदी करावीच. पण ठमी-बाळूची चार वर्षांपूर्वीच झालेली आहे.

मग केलं काय? ठमी आतल्या खोलीत, बाळू बाहेर. दोघांचं पाणी, जेवण, घमेलं वेगळं. पहिले तीन दिवस भेट नाही, फक्त साडीच्या तुकड्यांची देवघेव. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, आधी हातभर लांब, रोज वीतभर जवळ. कुणी जेवण सोडून दाराकडे गुरगुरलं की परत मागे. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद चिकटवला. मांजरं जितकी त्याहून एक जास्त घमेलं, तीही वेगवेगळ्या जागी, असं सांगतात. दोन खोल्यांच्या घरात तिसरं ठेवायला जागा शोधताना मावशीने देवघराखाली बोट दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो. शेवटी ते गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी गेलं.

आज आठवा दिवस. दार चार बोटं उघडं आहे, मध्ये मच्छरदाणीची जाळी ठोकली आहे. काल ठमीने जेवता जेवता एकदा वर बघितलं आणि परत खाली मान घातली. बाळूने बघितलंही नाही. मावशी विचारते, जाळी कधी काढायची. दोन आठवडे लागतील, महिनाही लागेल. टोपलीत मात्र अजून एकटा बाळूच झोपतो.