चौदा वर्षांच्या मुलाला मराठीत काय द्यायचं?

पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करायची की नाही, यावरून २०२५ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत महाराष्ट्र ढवळून निघाला. शेवटी सरकारने निर्णय मागे घेतला. एडिनबरात बसून मी तो वाद रोज वाचत होते. मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं मला पटत होतं, आजही पटतं. पण त्याच दिवसांत ठाण्याहून धाकट्या बहिणीने जे विचारलं, ते त्या चर्चेत कुणीच विचारत नव्हतं: "ताई, चौदा वर्षांच्या मुलाला मराठीत वाचायला काय देऊ गं?"

भाचा घोडबंदर रोडवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. २०२० च्या कायद्याने त्याला मराठी हा विषय आहे, मार्कही बरे पडतात. घरी मराठीच बोलतात. पण देवनागरीतलं सलग पान समोर आलं की त्याचा वेग तिसरी-चौथीतल्या मुलाएवढा. डोकं मात्र चौदा वर्षांचं. आपण अशा मुलाला काय देतो? एक तर 'फास्टर फेणे' देतो, नाही तर थेट 'मृत्युंजय'. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बन्या मला जिवापाड प्रिय आहे, पण तो दहाव्या-अकराव्या वर्षी भेटावा. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला तो दिला, की आपल्याला अजून बाळ समजतात असं त्याला वाटतं. आणि 'मृत्युंजय'चा तो ठोकळा या वेगाने वाचायचा म्हटलं तर सुट्टी संपते, कर्ण लढाईवर जात नाही. मग आपणच निकाल देतो, हल्लीचे मुलगे वाचत नाहीत.

१९९८ मध्ये इथे एडिनबरात बॅरिंग्टन स्टोक नावाचं प्रकाशन नेमक्या अशाच मुलांसाठी सुरू झालं, वाचताना अडखळणाऱ्या आणि वाचनाला कंटाळलेल्या. पिवळसर कागद, मोकळा टाइप, छोटी वाक्यं, शंभर-सव्वाशे पानं. विषय मात्र मुलाच्या खऱ्या वयाचा. मायकल मॉर्पर्गो, मॅलोरी ब्लॅकमन यांच्यासारख्या नावाजलेल्या लेखकांनी त्यांच्यासाठी लिहिलं आहे. अँथनी मॅगवन यांचं 'लार्क' हे त्यांचंच पुस्तक. यॉर्कशरच्या माळावर फिरायला गेलेले दोन भाऊ बर्फाच्या वादळात अडकतात, एवढीच गोष्ट. २०२० मध्ये त्याला ब्रिटनमधलं मुलांच्या साहित्याचं सर्वात मानाचं कार्नेगी पदक मिळालं. सोपं लिहिणं म्हणजे दुय्यम लिहिणं, ही समजूत आपण मराठीत फार जपून ठेवली आहे. ती टाकून द्यायला हवी.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र मुळीच नाही. मोकळ्या वेळात वाचायला आवडतं असं सांगणारं मूल ब्रिटनमध्ये तिघांत एक, असं नॅशनल लिटरसी ट्रस्टच्या २०२५ च्या पाहणीत दिसलं, आणि मुलगे मुलींच्या मागेच आहेत. इंग्लंडमध्ये तुरुंगात ग्रंथालय असणं बंधनकारक आहे, शाळेत नाही. फरक एवढाच, की इथे निदान या वयाचं वेगळं कपाट असतं आणि 'काय देऊ' विचारलं की ग्रंथपाल उठून चार पुस्तकं काढून देतात.

बहिणीला मी आधी नारळीकर सांगितले. कादंबरी नको, एकच कथा, 'गंगाधरपंतांचे पानिपत'. १७६१ ची लढाई मराठे जिंकले असते तर? विश्वासरावांना लागायची गोळी कानाला चाटून जाते आणि पुढचा सगळा इतिहास पालटतो. किल्ल्यांच्या मोहिमा करणाऱ्या आणि मोबाइलवर लढाया खेळणाऱ्या मुलाला याहून चांगलं दार मला ठाऊक नाही. भीतीची आवड असेल तर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा द्याव्यात. त्या वाचून 'संस्कार काय होणार' असं विचारू नये.

मग 'बनगरवाडी'. १९५५ चं पुस्तक, पण माडगूळकरांचं वाक्य आजही इतकं स्वच्छ आहे की हळू वाचणाराही कुठे अडत नाही. धनगरांच्या वस्तीत एकटा जाऊन पडलेला तरुण मास्तर पंधराव्या वर्षी लगेच जवळचा वाटतो. जरा मोठ्या मुलाला किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' द्यावं. आई तमाशात नाचणारी, बापाचं नाव नाही, आणि त्यातून डॉक्टर झालेला मुलगा. टॉवरमध्ये वाढणाऱ्या मुलांनी तर ते वाचावंच.

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'वरून बहीण कचरली. त्यात शिव्या आहेत, नववीतलं प्रेम आहे. पण हे सगळं भाच्याच्या वर्गातही आहे. पुस्तक लपवून त्यातलं काहीच लपत नाही, उलट मराठीत आपल्याविषयी कुणी लिहीतच नाही असा त्याचा समज होतो. तेवढी एकच कादंबरी मी हट्टाने द्यायला लावली.

तरी कपाट अर्धं रिकामंच राहतं. अमेरिकेत क्वामे अलेक्झांडर यांनी बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या भावांवर कवितेत कादंबरी लिहिली, 'द क्रॉसओव्हर'. तिला अमेरिकेतलं बालसाहित्याचं मानाचं २०१५ चं न्यूबेरी पदक मिळालं. ठाण्यात गल्लोगल्ली गोविंदा पथकं आहेत, कबड्डीचे संघ आहेत, कळव्याहून गर्दीच्या लोकलने क्रिकेटचं किट सांभाळत जाणारी पोरं आहेत. दुसऱ्या थरावर उभ्या असलेल्या मुलाची, खांद्यावर कुणाचे तरी पाय असताना त्याच्या मनात काय चाललंय याची शंभर पानी कादंबरी मला हवी आहे. मराठी लेखकांनो, ती लिहा. आणि १८९३ पासून ठाण्यात उभ्या असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी तेरा ते सोळा वयाचं एक कपाट वेगळं काढावं, मुलांना स्वतः हात घालता येईल असं.

बहिणीला शेवटी एवढंच बजावलं आहे: पुस्तक टेबलावर ठेव आणि सारांश विचारू नकोस. वीस पानांनंतर त्याने ठेवून दिलं, तर मुकाट्याने दुसरं ठेव.