लाकडी बाक पाण्याने कुजत नाही, अर्धवट ओलाव्याने कुजतो

इंग्लंडमधल्या डरहॅमला वेअर नदी कॅथेड्रलच्या टेकडीला वळसा घालून जाते. काठावर गर्द झाडी, त्यातून पायवाट. १९८०च्या दशकात कॉलिन विल्बर्न या शिल्पकाराने तिथे मेलेल्या एल्म या झाडांचे बुंधे कोरून उभे केले होते. चालता चालता पाहिलं तर नुसते सुटे खांब. पण समोरच्या लाकडी आसनावर बसलं की सगळे तुकडे जुळायचे आणि येशूच्या शेवटच्या भोजनाची माडी दिसायची. बसल्याशिवाय न दिसणारं शिल्प! शिल्पबाक म्हणजे काय, हे याहून नेमकं सांगता येणार नाही.

आज ते तिथे नाही. उघड्यावरचं एल्म फार टिकत नाही. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, सहसा चिरत नाहीत, म्हणून चाकाचे तुंबे आणि खुर्च्यांच्या बैठका त्याच्या करत. कायम पाण्याखाली ते शतकं काढतं. लंडनच्या जुन्या पाणीवाहिन्या एल्मच्याच होत्या. पण बुरशीला हवा आणि साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा, दोन्ही लागतं. ते मिळतं जमिनीलगत, जिथे लाकूड कधी ओलं, कधी सुकं.

म्हणून बाक कोरताना आधी पाणी कुठे थांबेल ते बघा. बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर, पुढून मागपर्यंत ४० ते ४५. थोडा उतार हवाच. बैठक खोलगट असेल तर सर्वांत खालच्या जागी २५ मिलिमीटरचं आरपार भोक पाडा; १० मिलिमीटरचं पहिल्याच पानगळीत बुजतं. ओंडका थेट मातीत रोवू नका. दगडावर ठेवा, खालून बोटं जातील एवढी फट सोडा. आणि स्टीलच्या गजाने पायाशी जखडा, कारण सुकलेलं लाकूड पुरात तरंगून जातं.

अख्खा ओंडका चिरणारच. परिघाच्या दिशेने लाकूड गाभ्याच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसतं. खालच्या बाजूने, न दिसेल असा, मध्यापर्यंत करवतीचा एक काप द्या, म्हणजे बहुतेक ताण तिथेच मोकळा होतो. दोन्ही टोकांना लगेच मेण लावा.

आपल्याकडे दर पावसाळ्यात वर्षावृक्ष (रेन ट्री) उन्मळून पडतात आणि त्यांचं सरपण होतं. खूप वाईट वाटतं. ते लाकूड फार कमी आकसतं, ओलं असतानाच कोरता येतं आणि रुंद फळ्या मिळतात. सागाचा किंवा बाभळीचा गाभा त्याहून टिकाऊ, पण गाभाच. बाहेरचं फिकट लाकूड ठेवलं की वाळवी आणि भुंगेरे आत शिरलेच. गुलमोहराच्या वाटेला जाऊ नका. एवढं लाकूड हाताशी असताना बागांमध्ये सिमेंटचे ओंडके करून त्यावर रंगाने वाढीची वलयं काढतात. उन्हात ते तापतात, कोपरे उडतात, आतली गंजकी सळई बाहेर येते.

व्हार्निश नको. त्याला चीर गेली की पाणी आत जातं आणि सुकत नाही. जवसाचं तेल द्या किंवा सरळ करडं पडू द्या. पावसाळा संपला की बाकाखाली हात घालून, लाकूड दगडाला टेकतं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. कूज तिथूनच सुरू होते.