पाद्री मागे बसायचे?

‘फौजेतले पाद्री आघाडीच्या मैलभर मागे सुरक्षित बसायचे, तोफांवर पवित्र पाणी शिंपडायचे आणि मरणाऱ्या शिपायाला बाटवायचे.’ अशा आशयाचं फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतं. एका दमात तीन आरोप.

‘मागे बसायचे.’ यात थोडं तथ्य आहे, ते आधीच देऊन टाकतो. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश फौजेतल्या अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) पाद्रींना पुढच्या खंदकांत जायला मनाई होती. कॅथलिक पाद्री जात. शेवटचा संस्कार करायचा तर मरणाऱ्यापाशी पोचायलाच हवं. पुढे मनाई उठली, टोमणा मात्र शंभर वर्षं टिकला.

थिओडोर हार्डी यांचं उदाहरण घ्या. शाळामास्तरकी केलेले, मग खेड्यातल्या चर्चचे पाद्री, विधुर. वयामुळे फौज त्यांना घेतच नव्हती. 1916 मध्ये फ्रान्सला पोचले तेव्हा 52 वर्षांचे होते. रात्री खंदकात आले की ‘मीच आहे रे’ एवढंच म्हणायचे. 1917 च्या चिखलात एक जखमी शिपाई असा रुतला की कुणाला उपसून काढता येईना. मनगट मोडलेले हार्डी तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्याच्याजवळ बसून राहिले, तो मरेपर्यंत. व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च पदकासह शौर्याची तीन पदकं मिळाली, राजानं आपला पाद्री म्हणून नेमलं, तरी ते पलटणीतच राहिले. गोळी लागून 18 ऑक्टोबर 1918 ला गेले. युद्धबंदीला 24 दिवस उरले होते.

‘तोफांवर पाणी.’ इथे मी पाद्रींची सरसकट वकिली करणार नाही. सिगारेटी वाटण्यामुळे ‘वुडबाइन विली’ म्हणून लाडके झालेले स्टडर्ट केनेडी संगिनीच्या प्रशिक्षणात शिपायांना चेव आणणारी भाषणं द्यायचे. हेच केनेडी 1917 मध्ये बेल्जियममधल्या मेसिनच्या लढाईत माऱ्यातून जखमींकडे धावले आणि युद्धानंतर युद्धाचेच कडवे विरोधक झाले. माणूस एका फॉरवर्डात मावत नाही. बाकी कायद्याचं म्हणाल, तर 1949 च्या जिनिव्हा करारानुसार पाद्री लढवय्यांत मोडत नाही. शत्रूच्या हाती सापडला तरी त्याला युद्धकैदी मानत नाहीत. ब्रिटिश पाद्री तर शस्त्रच बाळगत नाहीत.

‘बाटवायचे.’ 3 फेब्रुवारी 1943 ला ग्रीनलंडजवळ ‘डॉर्चेस्टर’ हे अमेरिकी सैनिकवाहू जहाज पाणतीराने बुडालं. जहाजावर चार धर्मगुरू होते: दोन प्रोटेस्टंट, एक कॅथलिक, एक ज्यू. जीवरक्षक जाकिटं संपली तेव्हा चौघांनी आपापली काढून समोरच्याला दिली. घेणाऱ्याचा धर्म विचारला नाही. चौघेही जहाजाबरोबर गेले.

आणि आपल्याकडे? भारतीय सेनेत पाद्री हा पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्यासारखाच जेसीओ (जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या) दर्जाचा धर्मगुरू असतो. पलटणीत ज्या धर्माचे जवान पुरेसे, त्या धर्माचा धर्मगुरू तिथे नेमतात. म्हणजे तो आधीच ख्रिस्ती असलेल्या जवानांसाठी येतो; बाटवणार कुणाला? दवाखान्यातल्या जवानाशी बोलणं, घरच्या काळजीनं खचलेल्याचं ऐकून घेणं, अंत्यविधी करणं, हे त्याचं रोजचं काम. उलट धर्म ‘बदलतो’ तो अधिकाऱ्यांचा, तोही परेडपुरता: जवानांचं मंदिर असेल तर ख्रिस्ती सीओसुद्धा (पलटणीचा प्रमुख) मंदिर परेडला, म्हणजे जवानांच्या सामूहिक पूजेला, बूट काढून पुढे उभा राहतो आणि आरती घेतो.