फर्ग्युसनना वेळ दिला, मग टेन हागला का नाही?

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, काढला की चाहत्यांमध्ये फिरणारा तो फॉरवर्ड मेसेज येतोच. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन या मॅनेजरना पहिली साडेतीन वर्षं काहीच जिंकता आलं नव्हतं. १९९० मध्ये मार्क रॉबिन्स या खेळाडूच्या एका गोलने त्यांची नोकरी वाचली. क्लबने धीर धरला म्हणून पुढे १३ लीग विजेतेपदं आली. त्यांच्यानंतर कुणालाच वेळ मिळाला नाही, मॅनेजर बदलून काही होत नाही, आणि हकालपट्टी मागतो तो खरा चाहताच नव्हे.

२८ ऑक्टोबर २०२४ ला मॅनेजर एरिक टेन हागला काढलं, तेव्हा हा मजकूर जिकडून तिकडून आला. मला त्या दिवशी हायसं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं. पाचच महिन्यांपूर्वी या माणसाने वेम्ब्लीवर मँचेस्टर सिटीला, शहरातल्याच प्रतिस्पर्ध्याला, २-१ हरवून एफए कप ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा जिंकून दिली होती. अशा मनःस्थितीत कुणी इतिहासाचा दाखला देऊन गप्प करायला आलं, की तो इतिहास एकदा तपासून घ्यावासा वाटतो.

आधी रॉबिन्सचा गोल. ७ जानेवारी १९९०, नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर एफए कपची तिसरी फेरी, युनायटेड १-० ने जिंकली. तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी नंतर वारंवार सांगितलं आहे की तो सामना हरलो असतो तरी फर्ग्युसनना काढणार नव्हतो. आता नंतर असं म्हणायला काय जातं, ही शंका रास्त आहे. पण एकाच गोलला सगळं श्रेय द्यायचं तर पुढच्या सामन्यांचं काय करायचं? हिरफर्ड, न्यूकॅसल, शेफील्ड युनायटेड, सगळे परक्या मैदानांवर. उपांत्य फेरीत ओल्डहॅमशी दोनदा खेळावं लागलं. अंतिम सामन्यात क्रिस्टल पॅलेसशी ३-३, मग फेरसामन्यात ली मार्टिनच्या गोलवर १-०. यातलं कुठेही घसरलं असतं तरी गोष्ट वेगळी झाली असती. पण फॉरवर्डला एकच गोल लागतो, कारण तो लक्षात राहतो.

साडेतीन वर्षांत काहीच झालं नाही, हे त्याहून जास्त दिशाभूल करणारं आहे. कप आला नाही, एवढंच खरं. फर्ग्युसन आले ते कुणी उमेदवार म्हणून नव्हे. अ‍ॅबर्डीनसारख्या क्लबला घेऊन त्यांनी सेल्टिक आणि रेंजर्सची मक्तेदारी मोडली होती, तीन वेळा स्कॉटिश लीग जिंकली होती आणि १९८३ मध्ये गोथेनबर्गला रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप आणला होता. युनायटेडमध्ये पहिल्याच पूर्ण हंगामात, १९८७-८८ मध्ये, संघ लिव्हरपूलच्या मागे दुसरा आला. म्हणजे ‘आजच्या काळात असते तर दुसऱ्याच वर्षी हाकलले असते’ हे वाक्य तिथेच कोसळतं. लीगमध्ये दुसरा आलेला मॅनेजर आजही सहसा कुणी त्या उन्हाळ्यात काढत नाही.

पुढची दोन वर्षं वाईट होती. ११ वा क्रमांक, मग १३ वा. सप्टेंबर १९८९ मध्ये सिटीकडून ५-१ असा मार खाल्ला. पण संचालक मंडळ ज्याची वाट पाहत होतं ते समोर घडत होतं. ब्रायन मॅक्लेअर आणि स्टीव्ह ब्रूस आले, मार्क ह्यूज परत आला, मग पॉल इन्स आणि गॅरी पॅलिस्टर. ड्रेसिंग रूममधली दारूची संस्कृती मोडायची म्हणून पॉल मॅग्राथ आणि नॉर्मन व्हाइटसाइड या लाडक्यांना १९८९ च्या उन्हाळ्यात विकलं. युवा संघासाठी पोरं शोधण्याची सगळी यंत्रणा नव्याने उभी केली. रायन गिग्ज १९९१ मध्ये पहिल्या संघात आला तो त्यातूनच. हा धीर डोळे मिटून धरलेला नव्हता. निकाल दिसत नव्हते तेव्हा काम दिसत होतं. टेन हागच्या शेवटच्या वर्षात मला नेमकं हेच दिसेना: २०२३-२४ मध्ये आठवा क्रमांक, आणि केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल एकने जास्त.

त्या फॉरवर्डमध्ये कधीच न येणारं एक नाव आहे: रॉन अ‍ॅटकिन्सन. फर्ग्युसनच्या आधीचे मॅनेजर. पाच पूर्ण हंगामांत युनायटेड एकदाही चौथ्या क्रमांकाच्या खाली गेली नाही. १९८३ आणि १९८५ चे एफए कप त्यांचे. १९८५-८६ च्या लीगची सुरुवात सलग दहा विजयांनी झाली होती. पुढे घसरण झाली आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये, ऐन हंगामात, त्यांना काढलं. संघ तेव्हा तळापासून दुसरा होता. त्याच मोकळ्या खुर्चीवर ६ नोव्हेंबरला फर्ग्युसन बसले. फॉरवर्डचं तर्कशास्त्र मानायचं तर धीर अ‍ॅटकिन्सनबाबत धरायला हवा होता, आणि मग फर्ग्युसन आलेच नसते. आपण ज्याला धीराचं फळ म्हणतो त्याची सुरुवात हकालपट्टीने झाली आहे.

नंतरच्या कुणालाच वेळ दिला नाही, हे डेव्हिड मॉइसच्या बाबतीत खरं आहे. सहा वर्षांचा करार आणि दहा महिन्यांत निरोप. बाकीच्यांचं बघा. व्हान गालला दोन पूर्ण हंगाम मिळाले. मॉरिन्योला अडीच वर्षं. सोल्शायर, सुरुवातीचा तात्पुरत्या नेमणुकीचा काळ धरला तर, जवळजवळ तीन वर्षं होता. टेन हागला दोन हंगाम आणि वर तिसऱ्याची सुरुवात. खरं दुखणं वेळ कमी दिल्याचं नाही, वेळ चुकल्याचं आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात क्लबने आधी दुसऱ्या मॅनेजरांची चाचपणी केली, मग जुलैमध्ये टेन हागचाच करार वाढवला. त्याच्या पसंतीचे, आयाक्स या डच क्लबमध्ये त्याच्या हाताखाली खेळलेले डे लिख्त आणि मझरावी आणले. आणि लीगचे नऊ सामने झाल्यावर, संघ १४ वा असताना, त्याला काढलं. तो आणि त्याचे सहकारी यांच्या भरपाईपोटी सुमारे १ कोटी ४ लाख पौंड गेले. नंतर रूबेन आमोरिम मॅनेजर म्हणून आला तो तीन बचावपटूंची पद्धत घेऊन, चार बचावपटूंसाठी जमवलेल्या संघात. तो हंगाम ४२ गुणांवर, १५ व्या क्रमांकावर संपला. मे महिन्यात काढलं असतं तर निदान नव्या माणसाला पूर्ण उन्हाळा मिळाला असता. मला आलेला राग हा होता. टेन हाग गेल्याचा नव्हता.

मॅनेजर बदलून काही होत नाही? चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डला, स्वतःच्या सर्वांत लाडक्या खेळाडूला, काढून टूखेलला आणलं आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग, युरोपातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, जिंकली. लिव्हरपूलने ऑक्टोबर २०१५ मध्ये रॉजर्सच्या जागी क्लॉपला आणलं आणि क्लबचे दिवस पालटले. उलट बाजूचं उदाहरणही घरचंच आहे. सोल्शायरने तात्पुरता मॅनेजर असताना १९ पैकी १४ सामने जिंकले, पॅरिसमध्ये जाऊन पीएसजीला हरवलं, आणि मार्च २०१९ मध्ये कायम झाल्यावर संघ लगेच गडगडला. वाईट काळातच मॅनेजर बदलला जातो, त्यामुळे पुढचे निकाल थोडे सुधारणारच. त्या सुधारणेवर भाळून करार करणं वेगळं आणि योग्य माणूस शोधणं वेगळं.

राहिला खऱ्या चाहत्याचा मुद्दा. डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर, तीन वर्षं नुसत्या सबबी ऐकतोय, आता जा, अशा अर्थाचा फलक खुद्द फर्ग्युसनच्या विरोधात झळकला होता. तो धरणारे सिटीचे लोक नव्हते. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर आपल्याच तालमीच्या संघाला सगळ्यांत मोठ्याने शिव्या घालणारी माणसं पुढच्या सामन्याला सगळ्यांच्या आधी जागा धरून बसलेली असतात. निष्ठेचं प्रमाणपत्र फॉरवर्डवरून मिळत नाही.

टेन हाग पुढे जर्मनीतल्या लेव्हरकुसेन क्लबला गेला आणि तिथे सप्टेंबर २०२५ च्या पहिल्याच तारखेला, लीगचे दोन सामने झाल्यावर, त्याला काढलं. त्यावरही लगेच तोच मजकूर फिरला, फक्त क्लबचं नाव बदललेलं. त्या एका वेळी मी तो न कुरकुरता पुढे पाठवला. दोन सामन्यांत कुणाचंच काही कळत नाही.