पुढचा ब्रेक काढून विक्रम होत नाही

सध्या इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. ‘न्यूझीलंडच्या बर्ट मुन्रो या म्हाताऱ्याने भंगारातून गाडी बनवली, 300चा वेग गाठला आणि जागतिक विक्रम केला. तुमची 150 सीसीची गाडीसुद्धा 200 जाईल,’ असं म्हणून खाली पाच उपाय दिलेत. पुढचा ब्रेक काढून टाका. वजन उतरवा. बोअर (सिलेंडरचा व्यास) वाढवून पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठं टाका. टायरमध्ये दुप्पट हवा भरा. आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर मीटरचा व्हिडिओ काढा, तोच तुमचा रेकॉर्ड. शेवटी कुणीतरी आपल्या गावची भर घातली आहे: ‘बॉनव्हिल कशाला, आपल्याकडे सुपर कॉरिडॉर आहे!’ बॉनव्हिल म्हणजे अमेरिकेतलं मिठाचं मैदान, जिथे मुन्रोने विक्रम केला; सुपर कॉरिडॉर हा आमच्या इंदूरचा रुंद रस्ता.

असले मजकूर मी वाचून सोडून देतो. पण माझा भाचा गाडी घेऊन सांवेर रोडला माझ्या वर्कशॉपवर आला आणि म्हणाला, “मामा, पुढचं कॅलिपर आणि डिस्क उतरवून देशील का? वजन कमी होईल.” म्हणजे पुढचा ब्रेकच. पोरगा इंजिनिअरिंगला आहे. मजकूर त्याला कुणी पाठवला, तर त्याच्या आईने, म्हणजे माझ्याच बहिणीने, ‘जिद्दीची गोष्ट’ म्हणून. तिने खालचे उपाय वाचलेच नव्हते. म्हणून हे लिहितोय.

ब्रेकपासूनच सुरुवात करतो, कारण जीव तिथेच जाणार आहे.

एवढं खरं आहे की बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर धावणाऱ्या अनेक गाड्यांना पुढचा ब्रेक नसतो. पण का नसतो, ते मजकूर लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही. मिठावर टायरची पकड डांबरापेक्षा फारच कमी. तिथे वेगात पुढचं चाक जाम झालं की माणूस पडलाच. शिवाय मोजणीचा टप्पा संपला की पुढे मैलोन्‌मैल सपाट, मोकळं मीठ असतं. ना दुभाजक, ना गाय, ना उलट्या बाजूने येणारी ॲक्टिव्हा. गॅस सोडायचा आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्यायचा. फार वेगवान, बंद खोळीच्या गाड्या पॅराशूट उघडून थांबतात.

आता सुपर कॉरिडॉर घ्या. 120च्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. समोर काही दिसलं आणि हात लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे 33 मीटर नुसते बघण्यात गेले. त्यानंतर कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले, तर गाडी थांबायला साधारण 80 मीटर लागतात. फक्त मागचा ब्रेक असेल तर जवळजवळ दुप्पट. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं पडतं. हलक्या चाकाला पकड कुठून येणार? जोरात दाबलंत तर ते घसरतं आणि गाडी आडवी होते. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेकच करतो, आणि हा शहाणा तोच काढायला सांगतोय. मिठासाठी केलेली तडजोड डांबरावर आणून पोरांच्या हातात देणं याला मी अज्ञान म्हणत नाही, गुन्हा म्हणतो.

मजकुरासोबत एक फोटोही आहे: पोहण्याच्या चड्डीत, गाडीवर पोटावर आडवा झालेला माणूस. तो मुन्रो नाहीच. तो अमेरिकेचा रोली फ्री. 13 सप्टेंबर 1948 रोजी बॉनव्हिलवर व्हिन्सेंट गाडीवर त्याने ताशी 150.313 मैल, म्हणजे सुमारे 242 किलोमीटर वेग गाठला. आधीच्या फेऱ्यांत त्याचा चामड्याचा पोशाख वाऱ्याने फाटला, म्हणून त्याने तो काढून टाकला. हा फोटो दाखवून ‘जॅकेट-हेल्मेट वेग खातात’ असं लिहिणाऱ्याने आजचं बॉनव्हिलचं नियमपुस्तक उघडून पाहावं. पूर्ण चामडी पोशाख सक्तीचा आहे. हँडल थडथडू नये म्हणून स्टिअरिंग डॅम्पर लागतो. चालक गाडीवरून सुटला तर इंजिन बंद पडावं म्हणून त्याच्या अंगाला दोरीने जोडलेला किल स्विच लागतो. टायरच्या व्हॉल्व्हला धातूचं टोपण आहे का, हेसुद्धा तपासतात. आणि नवख्याला पहिल्याच दिवशी पूर्ण वेग सोडू देत नाहीत, पायरीपायरीने वर चढवतात.

टोपणावरून टायरकडे येतो. ‘दुप्पट हवा भरा.’ मिठावर नेहमीपेक्षा जास्त हवा भरतात, हे खरं. पण ती वेगासाठीच बनवलेल्या टायरमध्ये. आपल्या 150च्या गाडीच्या टायरवर आकड्यांच्या शेवटी बहुतेक वेळा ‘पी’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ कमाल वेग 150. हवा दुप्पट केली म्हणून ‘पी’चा जास्त वेगाचा ‘व्ही’ होत नाही. उलट रस्त्याला टेकणारा पट्टा अरुंद होतो आणि आहे ती पकडही जाते. मी भाच्याला कागदावर हिशोब करायला लावला. चाकाची त्रिज्या 30 सेंटीमीटर, वेग 200. टायरच्या कडेला ओढ येते गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट. म्हणजे ट्रेडचा, रस्त्याला टेकणाऱ्या रबराचा, एक ग्रॅमचा कण जणू एक किलोचा होऊन बाहेर निसटू पाहतो. 100च्या वेगाला हीच ओढ एक चतुर्थांश असते. ज्या टायरला कंपनीने 150च्या पुढे तपासलेलंच नाही, त्यावर हा जुगार खेळायचा?

वजनाबद्दल थोडक्यात. वजन कमी केलं की गाडी लवकर पळते. कमाल वेगाला त्याने फारसा फरक पडत नाही. तिथे लढाई हवेशी असते. मिठावर तर मागचं चाक घसरू नये म्हणून कित्येक जण मुद्दाम वजन चढवतात. आणि हवेचं गणित निर्दयी आहे: वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. 14 हॉर्सपॉवरची गाडी 115ला पोचत असेल, तर तिला 200ला न्यायला 70च्या वर हॉर्सपॉवर हवी. बोअर वाढवून ती येत नाही. पुढचं स्प्रॉकेट मोठं टाकलं तर टॉप गिअरमध्ये इंजिन ओढतच नाही आणि वेग आधीपेक्षाही खाली येतो. माझ्याकडे अशी बिघडवलेली इंजिनं नेहमी येतात: लायनर पातळ झालेले, हेड गॅस्केट जळालेलं.

आता मीटरचा व्हिडिओ. मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम आहे, म्हणून कंपन्या ते थोडं जास्तच दाखवणारं ठेवतात. बऱ्याच गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सवर असतो. तिथे स्प्रॉकेट बदललं की आकडा साफ खोटा होतो, आणि स्टँडवर चाक फिरवूनही 120 दाखवता येतात.

विक्रम कसा मोजतात, ते ज्याचं नाव घेऊन हा मजकूर लिहिलाय त्या मुन्रोकडूनच घ्या. 1920 सालची इंडियन स्काउट, मुळात 600 सीसी, नवी असताना ताशी 55 मैलांच्या आसपास जाणारी. 1967 साली, वयाच्या 68व्या वर्षी, त्याच गाडीचं इंजिन 950 सीसीचं करून त्याने बॉनव्हिलवर विक्रम केला. एका फेरीत ती 190.07 मैल, म्हणजे सुमारे 306 किलोमीटर गेली होती. पण विक्रम एका फेरीवर ठरत नाही. तोच टप्पा उलट दिशेनेही धावायचा आणि दोन्हीची सरासरी घ्यायची, कारण वारा एका बाजूने मदत करतो. मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमात दोन्ही फेऱ्या दोन तासांच्या आत व्हाव्या लागतात. मुन्रोची सरासरी 183.586 मैल नोंदली गेली. पुढे त्याच्या मुलाला त्या हिशोबात चूक दिसली, आणि अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने 2014 साली, म्हणजे 47 वर्षांनी, आकडा दुरुस्त करून 184.087 केला. सुमारे 296 किलोमीटर. म्हणजे विक्रम मजकुरात म्हटलेल्या 300चा नव्हे, आणि तोही 1000 सीसीपर्यंतच्या गटातला, सगळ्या मोटरसायकलींचा नव्हे. सगळ्यांत वरचा विक्रम 2010 साली रॉकी रॉबिन्सनने केला: 376.363 मैल, दोन टर्बो हायाबुसा इंजिनांच्या बंद गाडीत. अर्ध्या मैलाची चूक 47 वर्षांनीही सुधारतात, त्या खेळात तुमच्या मोबाइलचा व्हिडिओ कोण धरणार?

‘भंगारातून’ हे मात्र अर्धं खरं आहे, मान्य करतो. पिस्टन तो घरीच ओतायचा, सिलेंडर बिडाच्या पाइपातून बनवायचा. पण त्यात चाळीसहून अधिक वर्षं गेली, आणि सराव गावाजवळच्या ओरेटीच्या किनाऱ्यावर केला. एवढं करूनही 1967ला मधेच गाडी थडथडायला लागली. वेग कमी व्हावा म्हणून तो उठून बसला, तर वाऱ्याने गॉगल उडवला आणि समोरचं दिसेना. मार्ग दाखवणारा लोखंडी खुंटा इंचांनी चुकला, आणि शेवटी त्याने गाडी मिठावर आडवी टाकली. किरकोळ खरचटण्यावर भागलं. कॉरिडॉरच्या दुभाजकावर एवढ्यावर भागत नाही.

कायद्याचं दोन ओळींत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189खाली गुन्हा आहे: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000पर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडीत बेकायदा बदल केला तर कलम 182-ए आहेच, आणि दंड प्रत्येक बदलाचा वेगळा.

वेगासाठी बांधलेला ट्रॅक आपल्या दारातच आहे. पीथमपूरचा नॅट्रॅक्स, 11.3 किलोमीटरचा लंबगोल, 2021 साली सुरू झालेला. वाहन कंपन्या तिथे चाचण्या करतात. ज्या मुलांना खरंच ही ओढ आहे, त्यांनी एफएमएससीआयने, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाने, मान्यता दिलेल्या ड्रॅग स्पर्धांतून सुरुवात करावी. पिस्टन ओतणं, हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा घासून मोठ्या करणं), कॉम्प्रेशनचा हिशोब शिकायचा असेल तर वर्कशॉपवर या, मी शिकवीन. पैसे घेणार नाही.

आणि ज्यांनी ब्रेक आधीच उतरवलाय, त्यांनी आजच बसवून घ्या. नवे पॅड, ताजं ब्रेक ऑइल, नळीतली हवा पूर्ण काढून. लिव्हर हाताला घट्ट लागेपर्यंत गाडी स्टँडवरून खाली घेऊ नका.