'व्हय महाराजा' म्हणणारं तिथे कोणी नसतं

आमच्या देवगडात माणसं बोलत नाहीत असं कोणाची म्हणायची छाती नाही. एसटी स्टँडवर, सलूनात, मासे घेताना, गजाली चालूच. पण गजालीत आंब्याचा दर असतो, कोर्टात अडकलेली जमीन असते, शेजाऱ्याचा जावई असतो. आपण नसतो. मी तर गजालीतही नसायचो. "अबोल आहे, पण देवमाणूस," असं नातेवाईक सांगायचे आणि मला ते सर्टिफिकेट वाटायचं.

गेल्या वर्षी ऐन सीझनमध्ये आंब्याची पेटी भरताना छाती धडधडायला लागली, हात गार. ईसीजी साफ. तिसऱ्यांदाही साफ आला तेव्हा डॉक्टरांनी समुपदेशक बाईंचं नाव लिहून दिलं. चिठ्ठी महिनाभर पाकिटात फिरली. 'ह्याका रत्नागिरीक धाडूक व्हया' ऐकतच आपण मोठे झालो ना! तिथलं मनोरुग्णालय १८८६ सालचं, आणि आपला विनोद अजून तोच. एक मित्र म्हणाला, इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बस. विपश्यनेला नावं ठेवत नाही. पण इतकी वर्षं गप्पच बसलोय, त्यात आणखी दहा दिवसांची भर कशाला?

पहिल्या दिवशी मी बाईंना आंब्यावरच्या थ्रिप्स किडीची माहिती दिली. मोहोर, फवारण्या, वाशीचा दर. मग माझं संपलं, आणि बाई काही बोलेचनात. पत्र्यावर पाऊस. मी पेल्यावरचं झाकण गोल फिरवत बसलो. घरी असा बसलो की कोणीतरी 'चाय ठेवू?' म्हणून सुटका करतं. इथे कोणी करेना. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा आपलं दुःख दुसरा माणूस देवाला सांगतो, आपण फक्त 'व्हय महाराजा' म्हणायचं. फार मोठी सोय आहे ती, खरंच. इथे शब्दही आपणच आणायचे.

"बाबा गेले त्या दिवशी मी पेट्या भरत होतो," असं काहीतरी तोंडातून आलं.

२००७ चा मे. खळ्यात माणसं जमलेली, आणि संध्याकाळच्या गाडीला माल द्यायचा होता. आंबा थांबत नाही. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, भात्याण (भाताचा पेंढा) पसरून मी एकेक फळ लावत होतो, डागी बाजूला काढत होतो. डागी फळ एकही चुकलं नाही. लोक म्हणाले, पोरगा खंबीर.

त्यालाच मी शांत स्वभाव समजत आलो. समुद्राचे फोटो टाकून मौनाचं कौतुक करणाऱ्यांना एवढंच विचारायचंय, तुमच्या मौनात नक्की काय भरून ठेवलंय?

धडधड अजून होते, पण कमी. जुलैत एका रात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला. फुकट असतो, मराठीत बोलता येतं. ज्याला लागेल त्याने नंबर लिहून ठेवा.

आईला हे प्रकरण पटलेलं नाही. "तिका पैशे दिवन सांगतंस, ता माका फुकट सांग मां." परवा ती पडवीत सुपारी कातरत होती. शेजारी बसलो आणि सांगितलं, त्या दिवशी मी आत यायला हवं होतं, पण पेट्या भरत राहिलो. किती भरल्या तेही आठवत नाही.

अडकित्ता थांबला नाही.

"बेचाळीस होत्यो," आई म्हणाली. "मी मोजलेलंय."